पेंटरच्या घरातला सरावाचा संगणक

मी एक जुना संगणक आहे. एके काळी पांढरा होतो, आता पिवळट पडलो आहे. खिडकीखालच्या टेबलावर माझा पडदा असतो आणि टेबलाखाली माझा पत्र्याचा डबा. मित्रांनो, ही कहाणी सांगताना माझा पंखा मध्येच घरघरू लागला तर घाबरू नका. मला धक्के सोसत नाहीत, आणि नशिबाने मला दिले ते सगळे धक्केच.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आमच्या आठवणी दोन जागी राहतात. एक जागा म्हणजे हार्डडिस्क. तुम्ही जे लिहिता, काढता, साठवता ते तिच्यात जाते. दुसरी जागा म्हणजे अंग. कोणी कुठे हात ठेवला, कुठला स्क्रू कोणी पिळला, खोलीत कोण काय बोलले, हे अंगाला आठवते. माझे अंग शाबूत आहे. डिस्कचे काय झाले, तेच सांगायला मी बसलो आहे.

माझा जन्म एका अरुंद दुकानात झाला. दुकानदाराने एका खोक्यातून डबा काढला, दुसऱ्यातून पंखा, तिसऱ्यातून आणखी काही, आणि मला जुळवले. मग बटण दाबले. अहाहा, काय तो धक्का! गाढ झोपेत कोणी पाठीत धपाटा घालावा तसे झाले. मी डोळे उघडले तर समोर एक गृहस्थ उभे. त्यांच्या नखांत निळा रंग अडकलेला होता. ते पाट्या रंगवायचे. सगळी गल्ली त्यांना पेंटर म्हणायची, घरातल्या दोन मुली बाबा म्हणायच्या.

त्या वेळी दुकानांवर छापील पाट्या लागू लागल्या होत्या आणि पेंटरांच्या हातचे काम सुटत चालले होते. म्हणून त्यांनी मला घरी आणले. पहिल्या दिवशी त्यांनी काय करावे? माऊस उचलला आणि ब्रश धरावा तसा धरून थेट माझ्या काचेवर टेकवला! माझे तर धाबेच दणाणले. दारात उभी राहून त्यांची बायको, म्हणजे मुलींची आई, पोट धरून हसली. "अहो, त्याला गुदगुल्या होतील," ती म्हणाली.

पण पेंटर शिकले. दिवसभर माझ्यावर छापील पाट्यांची अक्षरे जुळवायचे आणि संध्याकाळी स्वतःसाठी चित्रे काढायचे. त्यांनी आयुष्यभर हाताने रंगवलेल्या पाट्या एकेक करून उतरत होत्या. त्या उतरण्याआधी गल्ली कशी दिसायची, ते ते काढून ठेवत. सायकलवाल्याचे दुकान, बेकरी, किल्ल्या करणारा, कोपऱ्यावरचा न्हावी, आणि प्रत्येकावर त्यांच्या हातची पाटी. लोक मुद्दाम बघायला येत. न्हावी एकदा माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "पेंटर, तुमची पाटी उतरवली, ती चूकच केली मी." त्या दिवशी माझी छाती पत्र्याची असूनही फुगली. ते चित्र मीच तर दाखवत होतो!

पुढे एका सकाळी पेंटरांना ब्रशाचा हात उचलेना. दवाखाना झाला, औषधे झाली, माणूस वाचला. पण उजवा हात मांडीवर ठेवला की ठेवलेल्या जागीच राहू लागला. घर आईच्या शिलाई मशिनवर चालू लागले. माझ्यावर एक जुनी चादर आली आणि चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांची चळत. अडगळ होणे काय असते, ते मला तेव्हा कळले. तरी चित्रे माझ्या पोटात होती, म्हणून मी गप्प होतो. पेंटर अधूनमधून चादर बाजूला करायला सांगत आणि डाव्या हाताने बटण दाबून नुसते बघत बसत.

आता थोरलीविषयी सांगतो. थोरली मुलगी फोनच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. ते दुकान बंद पडले आणि तिने ठरवले की आता संगणक दुरुस्तीची नोकरी धरायची. कचेऱ्यांमध्ये अशी माणसे लागतात. कोणाचा संगणक अडला की त्याने हाक मारायची, यांनी जाऊन तो सोडवायचा. थोरलीने अभ्यास केला, लेखी परीक्षेत चांगली पास झाली. मग एका ठिकाणी मुलाखतीत तिच्यापुढे उघडा संगणक ठेवला आणि सांगितले, चालू करून दाखवा. झाले! तिचे हात लटपटले, तिने रॅमची पट्टी उलटीच घुसवायला घेतली. परीक्षक म्हणाला, "पाठांतर उत्तम आहे, पण हात कुठं आहेत?" हे तिने घरी येऊन सांगितले आणि उशीत तोंड खुपसले.

काही आठवड्यांनी दुसऱ्या एका मोठ्या कचेरीतून बोलावणे आले. तिथेही प्रत्यक्ष परीक्षा होतीच. "या वेळी नाही जमलं तर मी पुन्हा कोणाच्या तरी काउंटरवर," थोरली म्हणाली. आईने शिलाई थांबवली नाही, पण मशिनचा आवाज जरा हळू झाला. तेव्हा धाकटी पुढे झाली. ती परिचारिकेचे शिक्षण घेत होती. ती म्हणाली, "आम्हाला इंजेक्शन आधी संत्र्याला द्यायला लावतात. तुझं संत्रं आहे की घरात." आणि तिने माझ्याकडे बोट दाखवले.

मित्रांनो, तुम्हीच सांगा, मला काय वाटले असेल? चादर ओढली गेली, कपड्यांची चळत पलंगावर गेली आणि भर दिवसा, चार माणसांदेखत, माझी बाजूची झडप उघडण्यात आली. आत साठलेली धूळ पाहून आईने नाकाला पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

त्यातून निघाला या घराचा तो विचित्र खेळ. रोज घरातल्या कोणीतरी माझ्यात एक बिघाड लपवायचा. मग थोरलीला बोलवायचे आणि तिने तो शोधायचा. पेंटर खुर्चीत बसून गिऱ्हाईक व्हायचे, तेही साधे नव्हे, खवट गिऱ्हाईक.

"अहो ताई, किती वेळ लावताय? आमची कामं खोळंबलीत!"

"सर, काळजी करू नका," थोरली नम्रपणे म्हणायची. "शेवटचा केव्हा चालू होता?"

"तुम्ही येईपर्यंत चालू होता!"

धाकटी हसून लोळायची. थोरलीला मात्र हसायची मुभा नव्हती. बापाला सर म्हणायचे, तोंड गोड ठेवायचे आणि हात चालवायचे, हा नियम.

धाकटीचे बिघाड फार कपटी असत. कधी ती पंख्याची तार सैल करायची, कधी रॅमची पट्टी केसभर वर ओढून ठेवायची. रोज माझ्या अंगात कोणी काय उपटले आहे, या धास्तीने माझी झोप उडाली. आईची पाळी आली तेव्हा तिने फार डोके चालवले नाही. थोरलीने मला पुरते उघडले, पट्ट्या काढल्या, पुसल्या, परत बसवल्या, घामाघूम झाली, तरी मी ढिम्म. शेवटी आईने शिवता शिवताच भिंतीकडे मान वळवली. भिंतीवरचे बटणच बंद होते!

"आधी भिंतीकडे बघावं गं," आई म्हणाली, "मग पोट फाडावं."

सगळे हसले. तो शहाणपणा त्याच दिवशी गाठीला बांधला असता तर पुढचे टळले असते. पण हसण्यावारी गेले.

हळूहळू थोरलीचा हात बसू लागला. आता उरला होता सगळ्यात मोठा सराव. डिस्क पूर्ण पुसायची, म्हणजे फॉरमॅट करायची, आणि तिच्यावर सगळे नव्याने भरायचे. पण माझ्या डिस्कमध्ये तर पेंटरांची चित्रे. म्हणून थोरलीने एक जुनी, रिकामी डिस्क आणून माझ्या पोटात दुसरी म्हणून बसवली. नियम असा ठरला की सरावाच्या वेळी चित्रांच्या डिस्कची केबल काढून ठेवायची. जी जोडलेली असेल ती सरावाची, तिला खुशाल पुसावे. चित्रांची नक्कल दुसरीकडे काढून ठेवावी, असे एकदा बोलणे झाले होते. 'परीक्षा झाली की करू' म्हणून ते राहून गेले.

आणि मग तो शनिवार आला. बिघाड लपवायची पाळी धाकटीची होती. तिला काहीतरी नवे हवे होते. तिने झडप उघडली, सरावाच्या डिस्कची केबल काढली आणि चित्रांच्या डिस्कला लावली. मी आतून ओरडत होतो, पण आमचे ओरडणे म्हणजे पंख्याची घरघर, आणि पंखा तर बंद होता. तिला काय कळणार! तिचा हिशेब सरळ होता. ताई मला चालू करेल, पडद्यावर बाबांची गल्ली दिसेल, ताई दचकेल, आणि डिस्क बदलली आहे हे तिला ओळखावे लागेल. एवढे करून धाकटी आपल्या पाळीवर दवाखान्यात निघून गेली. जाताना दारातून ओरडली, "लपवलाय गं!" थोरली आंघोळीला गेली होती. तिने ते ऐकलेच नाही.

थोरली बाहेर आली ती घाईत. आज खेळ नाही, आज फॉरमॅटचा सराव, असे तिच्या मनात होते. तिने मला नीट जागे होऊच दिले नाही. नव्याने भरायचे सगळे ज्यात असते तो पेनड्राइव्ह खुपसला आणि डिस्क न जागवता थेट त्याच्यावरून सुरुवात केली. पडद्यावर डिस्कचे माप आले. सरावाची डिस्क लहान होती, ही मोठी होती. सगळे स्वच्छ अक्षरांत लिहिलेले होते. तिने वाचले नाही. जोडलेली आहे म्हणजे सरावाचीच! तिने पूर्ण फॉरमॅट निवडले आणि बटण दाबले.

ते कसे वाटले, हे मी तुम्हाला कसे सांगू? दुखले नाही. दुखले असते तर बरे झाले असते. सायकलवाल्याचे दुकान गेले, बेकरी गेली, किल्ल्या करणारा गेला, आणि प्रत्येक जाताना मला कळत होते की काहीतरी जाते आहे, पण काय ते लगेच कळेनासे होत होते. मग सगळे कोरे झाले. थोरलीने त्या कोऱ्यावर नवे भरले, जमले म्हणून टाळी वाजवली आणि हात पक्का व्हावा म्हणून पुन्हा सगळे पुसून पुन्हा भरले. खुर्चीत बसलेले पेंटर डाव्या हाताने मांडी थोपटून म्हणाले, "वा ताई, वा! आता आमची तक्रार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्यासमोर येऊन बसले. थोरली मागे दोरीवरचे कपडे काढत होती. त्यांनी बटण दाबले.

"अगं," ते म्हणाले, "माझी चित्रं दिसत नाहीत."

थोरलीने वळूनही पाहिले नाही. तोंडात कपड्याचा चिमटा धरून ती हसत म्हणाली, "सर, काळजी करू नका. शेवटची केव्हा पाहिली होती?"

"सर नाही गं. मी विचारतोय."

चिमटा खाली पडला. थोरली धावत आली, तिने माझी झडप उघडली आणि केबल कुठे जोडली आहे ते पाहिले. ती चित्रांच्या डिस्कला लागलेली होती. आईचे मशीन थांबले.

धाकटी आली तेव्हा एकच कल्लोळ झाला. "मी फक्त केबल बदलली होती!" ती रडत होती. "मी सांगून गेले होते!" "मला ऐकू आलं नाही!" थोरली रडत होती. आईने दोघींना जवळ घेतले आणि तीही रडू लागली. मला बाजारात नेण्यात आले, पुसलेले परत काढून देणाऱ्या एका दुकानदाराकडे. त्याने दिवसभर मला ठेवून घेतले आणि संध्याकाळी मान हलवली. "पूर्ण पुसून वर दोनदा भरलंय. आता काही निघायचं नाही," तो म्हणाला.

घरी येऊन थोरलीने स्क्रू ड्रायव्हर खिडकीत ठेवून दिला. "मी परीक्षेला जाणार नाही," ती म्हणाली. "माझ्या हातात कोणी आपली वस्तू देऊ नये."

पेंटर रागावले होते का? हो, मित्रांनो, रागावले होते, आणि का रागावू नये? ती गल्ली आता बाहेर नव्हती, माझ्यात नव्हती आणि त्यांच्या हातातही नव्हती. पण ते म्हणाले, "जाणार नाहीस? मग माझी चित्रं फुकटच गेली म्हणायची."

थोरली गेली.

परीक्षेला मी नव्हतो. तिने घरी येऊन सांगितले ते मी ऐकले. एक मोठी खोली होती, प्रत्येक उमेदवारापुढे एक अडलेला संगणक होता आणि शेजारी कचेरीतले एकेक माणूस गिऱ्हाईक बनून बसलेले. थोरलीच्या वाट्याला एक पिकल्या केसांच्या बाई आल्या. टेबलावर सगळे साहित्य मांडलेले होते, पेनड्राइव्हसुद्धा. वेळ ठरलेली. बाकीच्यांनी भराभर पेनड्राइव्ह लावले, पुसले, नव्याने भरले, आणि त्यांचे पडदे उजळू लागले. थोरलीनेही पेनड्राइव्ह हातात घेतला. "आणि मला तो लावताच येईना," ती सांगत होती. "हात लटपटत नव्हता गं आई, चांगला घट्ट होता. पण पुढं जाईना."

मग तिने त्या बाईंना विचारले, "बाई, यात तुमचं असं काही आहे का, जे गेलं तर परत मिळणार नाही?"

बाई तिच्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आहे."

थोरलीने डिस्क बाहेर काढली, दुसऱ्या संगणकाला जोडली आणि आतले सगळे आधी दुसरीकडे उतरवून घेतले. डिस्कचे माप तिने मोठ्याने वाचले, तेही दोनदा. उतरवून होते तोच वेळ संपली. खोलीत न उजळलेला पडदा तिचा एकटीचाच होता.

"नापास," थोरली म्हणाली आणि चपला कोपऱ्यात भिरकावल्या. त्या दिवशी कोणी गिऱ्हाईक झाले नाही.

दोन दिवसांनी घरातला फोन वाजला. थोरलीने आवाज मोठा करून तो माझ्या टेबलावर ठेवला, कारण तिचे हात पिठाचे होते. त्याच बाई बोलत होत्या.

"त्या दिवशी आत काय आहे ते विचारणाऱ्या तुम्ही एकट्याच होतात. का विचारलंत, तेवढं सांगाल का?"

खरे सांगावे तर नोकरी गेली. खोटे सांगावे तर थोरलीला ते जमत नाही. आईने ओठांवर बोट ठेवले. धाकटीने जोरजोरात मान हलवली. आणि खुर्चीतून पेंटरांचा आवाज आला, चांगला खणखणीत.

"सरावात माझी सगळी चित्रं पुसून टाकली हो तिनं! आयुष्यभराची! दुधानं तोंड पोळलंय तिचं, आता ती ताकसुद्धा फुंकून पिणार!"

आईने कपाळावर हात मारून घेतला. माझा पंखा चालू असता तर थांबला असता. थोरली माझ्या टेबलाची कड धरून उभी होती, तिचे पीठ अजून त्या कडेला चिकटलेले आहे.

"तुमचे वडील का?" बाईंनी विचारले.

"हो," थोरली म्हणाली. "आणि ते खरं आहे."

"आमच्याकडं रोज कोणाचं तरी आयुष्यभराचं अडतं," बाई म्हणाल्या. "यंत्र भराभर चालू करणारे पुष्कळ मिळतात. तुम्ही सोमवारी या."

मित्रांनो, माझ्या साऱ्या धक्क्यांत गोड निघालेला धक्का हा एकच. घरात काय गोंधळ उडाला ते विचारू नका. धाकटीने मला मिठी मारली आणि मी टेबलाखालून अर्धा बाहेर सरकलो.

थोरली आता रोज कामाला जाते. कामावर जाण्याआधी तिने माझा माऊस डाव्या हाताचा करून दिला, बटणांची उलटापालट करून. पेंटर आधी नाही म्हणाले. मग एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी डावा हात त्यावर ठेवला. रेघ सुटली ती पार वाकडी. त्यांनी पुसली, पुन्हा ओढली. बरेच दिवस लागले. चित्र पुरे झाले तेव्हा थोरलीने त्याची एक नक्कल सरावाच्या डिस्कमध्ये ठेवली, एक पेनड्राइव्हमध्ये, एक कागदावर छापून भिंतीवर लावली. पेंटर जुन्या सवयीने खेकसले, "अहो ताई, माझं चित्र कुठंय?" आणि ती म्हणाली, "सर, इथं, इथं, इथं आणि भिंतीवर."

मला उघडा, माझे स्क्रू पिळा, शिकण्यासाठी हवे तर रोज मोडा, माझी ना नाही. जुने यंत्र त्याच्याच उपयोगाचे आहे. पण हात घालण्याआधी एकदा विचारा की आत कोणाचे काय आहे. 'नंतर करू' म्हणून ठेवलेली नक्कल आजच काढा. एवढीच माझी विनवणी आहे.

माझ्या पोटात आज ते एकच चित्र आहे, कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे दुकान. त्याच्या पाटीवरची अक्षरे एका बाजूला कलली आहेत. पेंटर म्हणतात, "मूळची पाटीही जरा कललेलीच होती." खरे की खोटे, मला सांगता येत नाही. मूळचे चित्र मी कितीतरी वर्षे पोटात ठेवले होते, पण मला ते आठवत नाही.